चंद्रावर माणूस पाठवायचा की मशीन? कोजागिरीला गच्चीवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एकीकडे दूध आटत असतं आणि एका कोपऱ्यात मी दुर्बीण लावून बसलेलो असतो. खरं सांगायचं तर पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र बघण्यात काही मजा नसते, ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीत, सगळं सपाट पिठासारखं दिसतं, पण लोक येतात त्याच दिवशी त्याला काय करणार. रांगेत प्रश्न तेच तेच येतात आणि एक वाद तर ठरलेलाच, की माणसं पाठवायचीच कशाला, रोबोट पाठवा की स्वस्तात. शेवटी एकदाचं सगळं लिहून काढलंय, पुढच्या वर्षी घसा वाचेल.

चंद्रावर सगळ्यात आधी पोचलं कोण?

माणूस नाही आणि अमेरिकाही नाही. रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचं, लुना २. तारीख १४ सप्टेंबर १९५९. पोचलं म्हणजे आपटलं हो, ब्रेक वगैरे भानगडच नव्हती, सरळ जाऊन धडकायचं एवढंच काम. त्याच वर्षी जानेवारीत लुना १ सोडलं होतं, त्याचा नेम चुकला, ते चंद्रापासून साधारण सहा हजार किलोमीटरवरून निघून गेलं आणि सूर्याभोवती फिरायला लागलं, तर रशियाने ‘बघा, आम्ही कृत्रिम ग्रह सोडला’ म्हणून तेही मिरवून घेतलं. लुना २ खरंच धडकलं का याची खात्री ब्रिटनमधल्या जॉड्रेल बँकच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीने केली, सिग्नल येत होता येत होता आणि एका क्षणी बंद. पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ चा, म्हणजे पृथ्वीभोवती पहिली वस्तू फिरल्यापासून दोन वर्षांच्या आत चंद्र गाठला होता.

आपल्याला न दिसणारी बाजू कायम अंधारात असते ना?

नाही. तिथेही आपल्यासारखाच दिवस आणि रात्र होते, फक्त दिवस चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. चंद्र स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती फिरायला सारखाच वेळ घेतो म्हणून एक गाल कायम लपलेला राहतो, बस.

तो गाल पहिल्यांदा दिसला ऑक्टोबर १९५९ मध्ये, लुना ३ मुळे, आणि कसा दिसला ते ऐका. डिजिटल कॅमेरा तर नव्हताच. यानात फिल्मचा रोल होता. फोटो काढले, मग यानातच ती फिल्म आपोआप डेव्हलप झाली, धुतली गेली, वाळली, मग एका उजेडाच्या ठिपक्याने स्कॅन होऊन रेडिओवरून खाली आली. म्हणजे फोटो स्टुडिओतली डार्करूमच्या डार्करूम बंद डब्यात घालून चंद्रामागे पाठवली होती. फोटो अगदी धुरकट आले, पण एवढं कळलं की आपल्या बाजूला जे मोठे काळे डाग आहेत तसे पलीकडे फार कमी आहेत.

अमेरिका तेव्हा काय करत होती?

आपटत होती. रेंजर नावाची यानं होती, पहिली सहाच्या सहा वाया गेली. कुठे रॉकेट बिघडलं, कुठे नेम चुकला, रेंजर ६ तर बरोब्बर जागेवर पोचलं आणि कॅमेरेच चालू झाले नाहीत. सातव्याने जुलै १९६४ मध्ये आपटण्याआधी ४,३०० च्या वर फोटो पाठवले. ज्यांना इस्रोचं एक लँडिंग फसलं की लगेच ‘पैसे पाण्यात’ आठवतं त्यांच्यासाठी हा आकडा मी पाठ करून ठेवलाय, सहा.

चंद्रावर इतकी धूळ आहे की यान बुडेल, असं खरंच वाटायचं का?

वाटायचं, आणि असं म्हणणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. थॉमस गोल्ड नावाच्या नामांकित शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की चंद्रावरचे काळे सपाट भाग बारीक धुळीने भरलेत आणि ती धूळ खोल असू शकते. आता पृथ्वीवर बसून हे खोटं कसं ठरवणार? दुर्बिणीतून धूळ किती खोल ते दिसत नाही, माणसाला उतरवून ‘बघ रे बुडतोस का’ असंही करता येत नाही.

म्हणून आधी मशीन. ३ फेब्रुवारी १९६६ ला लुना ९ अलगद उतरलं आणि बुडलं नाही. यात एक गंमत झाली. लुना ९ जो फोटोचा सिग्नल पाठवत होतं तो जॉड्रेल बँकवाले ऐकत होते, कोणाच्या तरी लक्षात आलं की हा आवाज तर वर्तमानपत्रवाले फोटो पाठवायला वापरतात त्या मशीनसारखा आहे, मग एका ब्रिटिश पेपरकडून तसलं मशीन मागवलं, जोडलं, आणि चंद्राच्या जमिनीवरून काढलेला पहिला फोटो मॉस्कोच्या आधी लंडनच्या पेपरात छापून आला. काय वाटलं असेल रशियनांना.

चार महिन्यांनी अमेरिकेचं सर्व्हेयर १ उतरलं. सर्व्हेयर मालिकेतल्या सातांपैकी पाच नीट उतरली, काहींना माती उकरायला छोटा पंजाही होता. जोडीला लुनर ऑर्बिटर नावाच्या पाच यानांनी जवळजवळ अख्ख्या चंद्राचे नकाशे काढले. अपोलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या माणसं नेणाऱ्या मोहिमांच्या, बुटाचा तो फेमस ठसा सगळ्यांनी बघितलेला असतो, पण तो बूट तिथे टेकवायचं धाडस ज्या तीन पायांच्या सांगाड्यांमुळे झालं त्यांचं नाव कोणाला माहीत नसतं.

माणसाच्या आधी चंद्राला फेरी मारून जिवंत कोण परत आलं?

कासवं! दोन कासवं. सप्टेंबर १९६८, सोव्हिएत झोंड ५. बरोबर माश्या, किडे, बियाणं वगैरे पण होतं. चंद्राला वळसा घालून यान परतलं ते थेट हिंदी महासागरात पडलं. हे उत्तर दिलं की पोरं जाम खूष होतात. माणसं गेली त्यानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, अपोलो ८ मधून बोरमन, लोव्हेल आणि अँडर्स, चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून आले. चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी उगवतानाचा तो निळा फोटो त्याच ट्रिपमधला, २४ डिसेंबरचा.

इतकं सगळं पहिलं करून रशिया हरला कसा?

याची कारणं बरीच आहेत, मला दोन मोठी वाटतात. त्यांचा मुख्य डिझायनर सर्गेई कोरोलेव्ह जानेवारी १९६६ मध्ये ऑपरेशननंतर गेला. तो जिवंत असेपर्यंत त्याचं नाव जगालाच काय, रशियातल्या लोकांनाही माहीत नव्हतं, इतकी गुप्तता. आणि दुसरं म्हणजे एन १ हे चंद्रावर माणसं न्यायचं रॉकेट. खालच्या टप्प्यात तीस इंजिनं, तो अख्खा टप्पा जमिनीवर बांधून पेटवून बघायची सोयच केली नाही, थेट उडवायचं आणि बघायचं. चार वेळा उडवलं, चारही वेळा फसलं. त्यातला ३ जुलै १९६९ चा स्फोट तर असा होता की लाँच पॅडच उद्ध्वस्त झालं. म्हणजे अपोलो ११ निघायला दोन आठवडे पण राहिले नव्हते तेव्हा.

अमेरिकेलाही फुकटात मिळालं नाही हे पण सांगायला पाहिजे. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ ची जमिनीवर टेस्ट चालू असताना केबिनला आग लागली, आत शुद्ध ऑक्सिजन, दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा, ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघंही गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोयूझ १ चं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि व्लादिमीर कोमारोव्ह गेला.

आर्मस्ट्राँग उतरला तेव्हा आपल्याकडे किती वाजले होते?

यान टेकलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते, आणि पाऊल ठेवलं तेव्हा सोमवार, २१ जुलै १९६९, सकाळचे साधारण ८ वाजून २६ मिनिटं. म्हणून अमेरिकन पुस्तकात २० तारीख असते आणि आपल्या आजोबांना २१ आठवते, दोघंही बरोबर. मुंबईत टीव्ही आला १९७२ मध्ये, त्यामुळे आपल्याकडे हे सगळं रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. पण ऑक्टोबर १९६९ मध्ये तिघंही अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर निघाले होते तेव्हा मुंबईला येऊन गेले. तेव्हाचे बघितलेले एक काका आमच्या सोसायटीत आहेत, ते दर कोजागिरीला सांगतात आणि दर वर्षी ते त्या गाडीच्या थोडे आणखी जवळ उभे असतात.

अपोलो ११ कॉम्प्युटरने उतरवलं की माणसाने?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, तेव्हा जरा लांबण लागणार.

यानातल्या कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी होती २ हजार शब्दांची आणि कायमची ३६ हजार शब्दांची. शब्द म्हणजे मशीनचे शब्द, छोटे छोटे आकडे. आज तुमच्या मोबाईलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. आणि ती कायमची मेमरी अक्षरशः विणलेली होती, बारीक लोखंडी कड्यांमधून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य, आणि हे विणायचं काम कारखान्यातल्या बायका हाताने करत होत्या. एक तार चुकली की प्रोग्रॅम चुकला.

उतरताना काय झालं, तर एका रडारकडून नको ते सिग्नल कॉम्प्युटरला येत राहिले आणि त्याचा वेळ खायला लागले. कॉम्प्युटरने १२०२ नावाचा अलार्म दिला. आता चंद्रापासून काही किलोमीटरवर आहात आणि कॉम्प्युटर म्हणतोय ‘माझ्याच्याने होत नाही’, कल्पना करा. पण मार्गारेट हॅमिल्टन आणि तिच्या टीमने सॉफ्टवेअर असं लिहिलं होतं की जास्त झालं तर बिनमहत्त्वाची कामं टाकून द्यायची, पटकन स्वतःला रीस्टार्ट करायचं आणि यान सांभाळायचं काम मात्र सोडायचं नाही. ह्यूस्टनमध्ये बसलेल्या विशीतल्या पोरांनी आधीच्या सरावात असे अलार्म बघून त्यांची यादी करून ठेवली होती, त्यांनी काही सेकंदात सांगितलं, चालू ठेवा.

मग आर्मस्ट्राँगने खिडकीतून बघितलं तर कॉम्प्युटर त्यांना नेऊन सोडत होता एका मोठ्या खड्ड्यापाशी, मोटारीएवढाले दगड पडलेले. कॉम्प्युटरला दगड दिसत नव्हते, त्याला डोळेच नव्हते. आर्मस्ट्राँगने उतरायचा वेग कमी केला, यान पुढे काढलं, खाली ह्यूस्टनमध्ये राहिलेल्या इंधनाचे सेकंद मोजतायत, साठ, तीस, आणि मग टेकलं.

आता लोक म्हणतात बघा, शेवटी माणसानेच केलं. अर्धं खरं. ‘मॅन्युअल’ म्हणतात ते सुद्धा पूर्ण मॅन्युअल नव्हतंच, आर्मस्ट्राँग दांडा हलवून कॉम्प्युटरला सांगत होता की असं वळ, इतक्या वेगाने उतर, आणि इंजिन किती आणि कधी पेटवायचं ते कॉम्प्युटर बघत होता. डोळे याचे, हात त्याचे. तिथे जर नुसता कॉम्प्युटर किंवा नुसता माणूस असता तर २१ जुलैचा पेपर वेगळाच आला असता.

त्याच वेळी रशियाचं एक यान पण तिथे होतं म्हणतात, खरं का?

हो, लुना १५. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माणसांच्या आधी चंद्राची माती घेऊन यायची असा तो डाव होता, अपोलो ११ च्या तीन दिवस आधी निघालेलं. अमेरिकेने फ्रँक बोरमनमार्फत विचारलं की बाबांनो धडक तर होणार नाही ना, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियाने चक्क कक्षेची माहिती देऊन टाकली. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच, त्यांचं परतीचं उड्डाण दोनएक तासांवर आलेलं असताना, लुना १५ चंद्राच्या दुसऱ्या भागात आपटून फुटलं.

चंद्रावरचं यान कोणी परत आणलंय का?

अख्खं नाही, तुकडे. नोव्हेंबर १९६९, अपोलो १२. सर्व्हेयर ३ एप्रिल १९६७ मध्ये उतरलं होतं, अडीच वर्षं तिथे ऊन खात पडून. अपोलो ११ ठरलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर चुकलं होतं म्हणून नासाला दाखवायचं होतं की आम्ही नेमकं उतरू शकतो. चार्ल्स ‘पीट’ कॉनरॅडने यान उतरवलं ते सर्व्हेयरपासून साधारण १६० मीटरवर. म्हणजे चालत जाऊन वाण्याकडून दूध आणावं इतकं जवळ. मग कॉनरॅड आणि ॲलन बीन चालत गेले, कातरीने तारा आणि नळ्या कापल्या, कॅमेरा आणि मातीचा पंजा काढून घेतला आणि पृथ्वीवर आणला.

त्यातून काय कळलं तर चंद्रावर मशीनचं काय होतं. ऊन, थंडी, बारीक उल्कांचे मार. आणि एक गोष्ट कोणाच्या डोक्यात नव्हती, अपोलोच्या स्वतःच्या इंजिनाने उडवलेली धूळ १६० मीटरवरच्या सर्व्हेयरला सँडब्लास्टिंग केल्यासारखी लागली होती. उद्या चंद्रावर तळ बांधायचा तर यानं तळापासून लांब उतरवावी लागणार, हे त्या कापून आणलेल्या कॅमेऱ्यामुळे माहीत आहे.

आणि बिचाऱ्या बीनच्या हातून त्याच मोहिमेत टीव्ही कॅमेरा चुकून सूर्याकडे वळला आणि जळाला, त्यामुळे लोकांना बघायला काही मिळालंच नाही. पन्नास वर्षं झाली तरी मला त्याचं वाईट वाटतं, नवीन कॅमेऱ्याची माझ्या हातून पण अशीच वाट लागलीये.

चंद्रावर पहिली गाडी कोणी चालवली?

चालवणारे पृथ्वीवर बसून होते. लुनोखोद १, नोव्हेंबर १९७०. दिसायला कसं तर आठ चाकांवर ठेवलेलं झाकणवालं पातेलं. झाकणाच्या आत सोलर पॅनल. दिवसा झाकण उघडं टाकून चार्जिंग, रात्री झाकण बंद, आणि आत पोलोनियमची शेगडी, ऊब राहावी म्हणून. वजन ७५६ किलो.

क्रिमियातल्या सिम्फेरोपोलजवळच्या एका केंद्रात पाच जणांची टीम बसायची, कमांडर, ड्रायव्हर, नेव्हिगेटर, इंजिनिअर आणि अँटेना सांभाळणारा. व्हिडिओ नाही हं, स्थिर फोटो, तो पण काही सेकंदांनी एक. त्यात सिग्नल जायला यायला अडीच सेकंदांच्या वर. म्हणजे ड्रायव्हरला जे दिसतंय ते जुनं, आणि त्याने ब्रेक दाबला तो लागणार नंतर. घाटात डोळे मिटून गाडी चालवायची आणि मधेमधे बाजूच्याने फोटो दाखवायचा, असा प्रकार. तरी साडेदहा किलोमीटर चालवली, दहाएक महिने टिकली.

लुनोखोद २ जानेवारी १९७३ मध्ये गेलं, ते ३९ किलोमीटर फिरलं. पृथ्वीबाहेरच्या गाडीचा हा रेकॉर्ड मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटीने २०१४ मध्ये मोडला, तोपर्यंत शाबूत होता. मेलं कसं, तर एका खड्ड्यातून बाहेर काढताना उघडं झाकण खड्ड्याच्या कडेला घासलं, त्यावर माती पडली, रात्री झाकण बंद केल्यावर ती माती आतल्या रेडिएटरवर सांडली आणि पुढच्या दिवशी गाडी तापून बंद पडली. एवढ्याशा मातीने! १९९३ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ते विकलं गेलं, ज्याने घेतलं त्याची वस्तू आजही चंद्रावर पार्क आहे.

आणि लुनोखोद १ तर हरवलंच होतं. त्यावर फ्रेंच बनावटीचा आरसा होता, लेझर मारून अंतर मोजायला. पण गाडी नेमकी कुठे थांबली ते माहीत नसल्यामुळे चाळीसेक वर्षं कोणाला तो आरसा सापडत नव्हता. २०१० मध्ये नासाच्या लुनर रिकनिसन्स ऑर्बिटरच्या फोटोत ती दिसली, मग तिथे लेझर मारला, आणि उजेड परत आला, मस्तपैकी.

मग माणसांची गरजच काय होती?

आता आलो वादावर. आकडे बघा. सोव्हिएत रोबोटनी तीन वेळा माती आणली, लुना १६ ने १०१ ग्रॅम, लुना २० ने ५५, लुना २४ ने १७०. सगळी मिळून पावशेर-दीड पावशेर, वाण्याच्या पुडीत मावेल. अपोलोच्या सहा मोहिमांनी आणली ३८२ किलो. ऑपॉर्च्युनिटीला मंगळावर मॅरेथॉनएवढं अंतर जायला अकरा वर्षं लागली, अपोलो १७ वाल्यांनी गाडीतून तीन दिवसात पस्तीस किलोमीटर केले, आणि वाटेत गाडीचं मडगार्ड तुटलं तर नकाशे आणि चिकटपट्टी लावून दुरुस्त केलं. रोबोटचं मडगार्ड तुटलं असतं तर?

पण किलो आणि किलोमीटर सोडा. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट गेला होता, चंद्रावर चाललेल्या बारा जणांपैकी तो एकटाच खरा भूवैज्ञानिक. चालता चालता बुटाखाली त्याला नारिंगी माती दिसली आणि तो ओरडलाच. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांपेक्षा जुन्या ज्वालामुखीच्या कारंज्यातले काचेचे बारीक मणी. छत्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, तोपर्यंत उपकरणं सुधारली होती, असल्याच मण्यांमध्ये पाण्याचा अंश सापडला. १९७२ मधला कुठलाही रोबोट त्या रंगासाठी थांबला नसता.

आणि यात आपला पण संबंध आहे. अपोलोचे नमुने मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आले होते, देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यात अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांनी उमटवलेल्या खुणा अभ्यासल्या. तिथे शिकलेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चंद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. म्हणजे माणसांनी आणलेल्या दगडांवर हात बसलेल्या लोकांनीच पुढे आपली मशीन पाठवली.

ते सगळं स्टुडिओत शूट केलं होतं ना?

नाही. दगड जगभरच्या लॅबमध्ये आहेत, तिथे ठेवलेले आरसे आजही लेझर परत पाठवतात, जागांचे फोटो नासाच्याच नाही तर आपल्या चंद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही काढलेत. आणि खोटं असतं तर सगळ्यात आधी रशियाने बोंब मारली असती, ते कान लावूनच बसले होते. पुढचा प्रश्न.

शू कुठे करायचे?

पिशवीत. पिशव्या बऱ्याचशा तिथेच टाकून आले. हो, अजून तिथेच आहेत.

मग १९७२ नंतर का थांबलं सगळं?

पैसा, आणि ज्या कारणासाठी पैसा होता ते कारण संपलं. केनेडीने मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या संसदेत उभं राहून चंद्राची घोषणा केली तेव्हा रशियाचा गागारिन अंतराळात फिरून आल्याला दीड महिना पण झाला नव्हता, रशियाला मागे टाकायचं होतं, विज्ञान नंतर. ऐन भरात अमेरिकेच्या केंद्रीय बजेटचा चार टक्क्यांच्या वर भाग नासाकडे जात होता. एकदा जिंकल्यावर कोण देतंय? अपोलो १८, १९, २० रद्द. अपोलो नेणारी उरलेली सॅटर्न ५ रॉकेटं आता म्युझियममध्ये आडवी ठेवलीयेत, एकाने १९७३ मध्ये स्कायलॅब हे अंतराळ स्थानक वर नेलं, तीच स्कायलॅब जी १९७९ मध्ये डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे लोकांची पाचावर धारण बसली होती.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. अपोलोवाल्यांनी चंद्रावर भूकंप मोजायची यंत्रं ठेवली होती, मस्त चालू होती, डेटा येत होता. ३० सप्टेंबर १९७७ ला ती बंद केली. बिघडली म्हणून नाही, पैसे वाचवायला! आधी रोबोट स्वस्त म्हणायचं आणि मग चालू रोबोटचं लाईट बिल भरायचं नाही.

रशियानेही १९७६ च्या लुना २४ नंतर पाठ फिरवली. त्यानंतर चंद्रावर अलगद काही उतरलं ते थेट २०१३ मध्ये, चीनचं चांग-अ ३. सदतीस वर्षं.

चंद्रयानने पाणी शोधलं म्हणतात ते नेमकं काय?

चंद्रयान-१, २२ ऑक्टोबर २००८, श्रीहरिकोटा. त्यावर नासाचं एक उपकरण होतं, एम-थ्री, त्याने चंद्रावरून परावर्तित झालेल्या उजेडात पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजनची जोडी) खुणा टिपल्या, सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालं. पाणी म्हणजे तळं नाही हो, मातीच्या कणांना चिकटलेले रेणू. आपलं स्वतःचं धडक यंत्र, मून इम्पॅक्ट प्रोब, १४ नोव्हेंबर २००८ ला दक्षिण ध्रुवाजवळ आपटवलं होतं, त्यानेही पडता पडता पाण्याची वाफ नोंदवली. यान स्वतः ऑगस्ट २००९ मध्ये गप्प झालं, आणि २०१७ मध्ये नासाने जाहीर केलं की रडारने शोधलं तर ते अजून फिरतच होतं.

चंद्रयान-२ पडलं आणि ३ उतरलं, फरक काय केला?

चंद्रयान-२ च्या विक्रमला, म्हणजे उतरणाऱ्या भागाला, ५०० मीटर बाय ५०० मीटरची जागा दिली होती, वेग कमी करताना इंजिनांनी जरा जास्तच जोर लावला, चूक सुधारायची पण आहे आणि त्या छोट्याशा चौकोनात पोचायचं पण आहे, त्या ओढाताणीत सप्टेंबर २०१९ मध्ये ते कोसळलं. तिसऱ्या वेळेला जागाच मोठी दिली, ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, सॉफ्टवेअरला सांगितलं की चूक झाली तर घाबरू नकोस. विचार असा की ‘काय काय बिघडू शकतं आणि तरी उतरायचं’.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. आमच्याकडे सगळी बिल्डिंग खाली हॉलमध्ये जमलेली. मी मात्र त्या शेवटच्या दीडशे मीटरची वाट बघत होतो. तिथे विक्रम हवेत, म्हणजे हवा नाहीच तिथे, पण जागच्या जागी थांबलं, कॅमेऱ्याने खालची जमीन बघितली, दगड-खड्डे नसलेली जागा निवडली आणि मग उतरलं. बेंगळुरूतून कोणी त्याला काही सांगत नव्हतं. आर्मस्ट्राँगने डोळ्यांनी जे केलं तेच, चोपन्न वर्षांनी, एका भारतीय यानाने स्वतःच्या डोळ्यांनी. टाळ्या वाजल्या तेव्हा बाजूच्या आजींनी विचारलं, ‘झालं का रे?’ मला बोलताच येईना.

नंतर विक्रममधून उतरलेली प्रज्ञान ही छोटी गाडी शंभर मीटरच्या वर फिरली, गंधक सापडलं, आणि मातीत खुपसलेल्या थर्मामीटरने दाखवलं की वर पन्नास अंशांच्या आसपास असताना आठ सेंटिमीटर खाली शून्याच्या खाली दहा. आणि हो, रॉकेटचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला पण बनतात, उसाच्या फडांच्या मधे.

आज इतकी टेक्नॉलॉजी असून लँडिंग फसतात का?

चंद्रावर हवा नाही, पॅराशूट चालत नाही, सगळा वेग इंजिनानेच मारायचा आणि चान्स एकच. रशियाचं लुना २५ चंद्रयान-३ च्या चार दिवस आधी पडलं, इंजिन ८४ सेकंद चालायचं ते १२७ सेकंद चाललं. जपानी कंपनीचं एक यान एप्रिल २०२३ मध्ये पाच किलोमीटर उंचीवर असताना ‘मी पोचलो’ समजून बसलं. जपानचं स्लिम जानेवारी २०२४ मध्ये नेमक्या जागी उतरलं पण डोक्यावर. साठच्या दशकात जे हात तयार झाले होते ते रिटायर झाले, काही वारले, आता प्रत्येक नवीन टीमला आपले आपले सहा रेंजर भोगावे लागतात. चीन मात्र शांतपणे करत सुटलाय, २०१९ मध्ये मागच्या बाजूला उतरला, २०२४ मध्ये तिथली माती घेऊन आला, जवळजवळ दोन किलो.

दुर्बिणीतून झेंडा दिसतो का?

नाही, पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून नाही. पण जागा दिसतात, आणि त्यासाठी पौर्णिमेला येऊ नका. शुद्ध पंचमी-षष्ठीला या, शांततेचा समुद्र म्हणजे मोठा काळा डाग दिसेल, मी तरी सशाचं डोकं तिथेच धरतो, त्याच्या खालच्या कडेला अपोलो ११. त्याच्या वरचा गोल डाग म्हणजे प्रसन्नतेचा समुद्र, त्याच्या उजव्या काठावर अपोलो १७ आणि लुनोखोद २, एकमेकांपासून दोनशे किलोमीटरच्या आतच. दशमी-एकादशीला वरच्या बाजूला इंद्रधनुष्याचं आखात उजाडतं, अर्धगोल डोंगरांची कडा उन्हात चमकते, खाली अजून काळोख असतो, फार सुंदर. त्याच्या जवळच लुनोखोद १ अजून उभं आहे. दिवे मी बंद करायला सांगतो, येताना फक्त मच्छरांचं काहीतरी लावून या.